अण्णासोंची बारा वर्षं आणि एक शिखरजी

आमचे थोरले भावजी अण्णासो मगदूम गल्लीतून निघाले की समोरचा माणूस आपण होऊन कडेला व्हायचा. अंगानं ते काही मोठे नव्हते. पण आवाज मोठा, आणि दुसऱ्याच्या हातातली वस्तू बघून "ही कुठनं आणली? केवढ्याला पडली?" असं विचारायची सवय त्याहून मोठी. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. ढेपेचा खडा दातानं फोडायचे, डोळे मिटायचे आणि गूळ कुठल्या गुऱ्हाळातला ते सांगायचे. बऱ्याचदा चुकायचे. चुकले की म्हणायचे, "गुऱ्हाळवालाच खोटं बोलतोय."

धर्माला मात्र कडक. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी दुहेरी फडक्यानं गाळलेलं, चतुर्दशीला उपास. शुक्रवार पेठेतल्या बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, सकाळच्या अभिषेकाला सर्वांच्या आधी हजर. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर धोतर आवरून वळसा घालायचे. आणि याच माणसानं शेजारच्या एका विधवेची जागा दाबून ठेवली होती. एका कोटाच्या दोन खिशांत दोन वस्तू ठेवाव्यात तशा या दोन गोष्टी त्यांच्याजवळ सुखानं राहत होत्या. एकीचा दुसरीला धक्का म्हणून लागत नव्हता.

मी त्यांची धाकटी भावजय. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं, त्यामुळं हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या रोजच्या वहीत तिथी, भाजी आणि आलेगेले एवढंच असतं. भावजी तेवढ्यात मावत नाहीत, म्हणून त्यांचं हे वेगळं लिहायला घेतलं.

जागा म्हणजे आमच्या घरामागचं परडं. ते बयाबाईचं. तिचा नवरा गणपतराव लढाई सुरू झाली त्या सालच्या उन्हाळ्यात वारला आणि पुढच्याच पावसात तिचं दोन खोल्यांचं घर भिंतींसकट खाली बसलं. पदरात लहान बाळासो. ती गडमुडशिंगीला भावाकडं गेली. मागं राहिलं एक शेवग्याचं झाड आणि मातीचा ढीग. भावजींनी सन चाळीसच्या पाडव्याला ढीग सपाट केला, भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि मधोमध खुंटा ठोकून रंगी म्हैस बांधली.

बयाबाई आली की विचारायची, "अण्णासो, म्हस कवा काढनार?"

"काढूया की."

"कवा?"

"आता दुभती हाय. दुभत्या जनावराला जागा बदललेली चालत न्हाई."

आटल्यावर विचारलं की म्हैस गाभण असायची. गाभणीलाही जागा बदललेली चालत नसे. बयाबाई बिचारी जनावराकडं बघायची आणि परत गडमुडशिंगीची वाट धरायची.

भावजींच्या डोक्यात ही बारा वर्षांची गोष्ट घातली त्र्यंबकराव वकिलांनी. ते गूळ न्यायला अडतीत यायचे. बोलता बोलता म्हणाले, "अण्णासो, मालकाच्या नाकावर टिच्चून, चारचौघांदेखत, सलग बारा वर्षं दुसऱ्याची जागा वहिवाटली आणि मालकानं तेवढ्यात दावा लावला नाही, तर त्याची मुदत संपते. मग जागा त्याला परत मागता येत नाही." वकिलांनी सहज सांगितलं असेल. पण भावजींना ते एखाद्या मुनिमहाराजांनी व्रत द्यावं तसं लागलं. त्यातला 'सलग' हा शब्द त्यांनी मनात कोरून ठेवला.

तेव्हापासून परडं एक दिवस रिकामं राहिलं नाही. आम्ही कुंभोजला लग्नाला निघालो तर भावजी रंगीच्या खुंट्याला आपला जुना कोट अडकवून आले. "म्हशीनं दावं तोडलंच तर मागं कायतरी आपलं असूदे." मधे रंगी मेली. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. आणि भावजी तिच्यासाठी रडत रडतच शेजारच्या आळीतून दुसऱ्याची म्हैस चार दिवसांसाठी मागून घेऊन आले. नवी विकत मिळेपर्यंत ती परकी म्हैस परड्यात उभी होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती. दूधही काढू देत नव्हती. नुसती वहिवाट करत होती.

नवरात्रात अंबाबाईला आलेली बयाबाई एकदा पाय दुखतात म्हणून शेवग्याखाली टेकली, तर हे धावत वकिलांकडं. "बसली तर तुटतंय का?" वकील म्हणाले, "बसल्यानं काही होत नाही. ताबा घेतला तर तुटतं." मग परत येऊन बयाबाईला स्वतःच्या हातानं पाणी दिलं. "बस की निवांत."

पुढं संस्थान विलीन झालं, कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं. सगळी गल्ली महाराजांसाठी हळहळत होती. भावजींना वेगळीच काळजी. "त्र्यंबकराव, महाराजांच्या राज्यातली माझी नऊ वर्षं मुंबईवाले धरतील न्हवं?" धरतील म्हटल्यावर त्यांनी बस्तीत नारळ वाढवला. राज्य गेलं तरी भावजींची वर्षं सुखरूप राहिली. ती मोडायला त्यांचे तेच लागले.

सन पन्नासच्या मार्गशीर्षात शिखरजीच्या यात्रेचा संघ निघायचा ठरला. आम्हा जैनांना शिखरजी म्हणजे काय ते सांगायला नको. जन्मात एकदा तरी तो पर्वत पायांनी चढावा. भावजी आणि माझ्या जाऊबाई पद्मावती, त्यांना मी अक्का म्हणते, यांची नावं सगळ्यांत आधी लागली. बस्तीतले पुजारी उपाध्ये घरोघर जाऊन सांगत होते, "निघायच्या आधी सगळ्यांची क्षमा मागा. कुणाचं काही तुमच्याकडं असलं तर ज्याचं त्याला द्या. मनात काटा ठेवून पर्वत चढता येत न्हाई."

झालं. आमच्या घरातून वस्तू बाहेर पडायला लागल्या. कुणाची शिडी, कुणाचं मापटं, कुणाची छत्री. छत्रीचा मालक म्हणाला, "ही माझी? मला वाटलं हरवली." माझ्या खलबत्त्याचा बत्ता कितीतरी दिवस सापडत नव्हता, तो भावजींनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "विजयमाला, क्षमा कर." थोरल्या दिरांनी असं वाकलेलं मला बघवेना. मी म्हटलं, "असूदे की भावजी." तरी बत्ता घेतला.

त्या दिवशी अक्का भाकरी थापत होत्या. तव्यावरनं नजर न काढता म्हणाल्या, "आणि परडं?"

"कसलं परडं?"

"बयाबाईचं."

"ते काय उसनं आणलंय? ते आपलं हाय."

"झालं?"

"व्हायला आलंय की. थोडं राहिलंय."

"म्हंजे अजून झालं न्हाई. मग मी येत न्हाई शिखरजीला. दुसऱ्याची जागा पोटात घालून मला पर्वत चढवायचा न्हाई. मधीच दम लागला तर लोक म्हणतील वय झालं. कशानं लागला ते मला ठावं असंल."

भावजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी मात्र तोंड उजळलेलं. त्यांनी मनाशी वाट काढली होती, ती आम्हाला मागून कळली. बस्तीत जाताना वहाणा बाहेर काढतो आणि येताना परत घालतो, तसं करायचं.

बयाबाईला गडमुडशिंगीहून बोलावून घेतलं. उपाध्ये, संघातली माणसं, सगळी गल्ली परड्यात उभी. भावजींनी तिच्या हातात नारळ दिला आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "बयाबाई, ही तुझी जागा, तुझ्या स्वाधीन. आजपासून माझा हक्क न्हाई, हात न्हाई. चुकलं असंल ते पोटात घाल." असं म्हणून ते तिच्यापुढं वाकले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला.

बयाबाई तेवढी रडली नाही. ती भावजींच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "अण्णासो, तब्येत बरी हाय न्हवं?"

पण बाई हुशार. विचारत बसली नाही. नवी म्हैस, तिचंही नाव रंगीच, आमच्या अंगणात आली आणि बाळासोनं कुंपणाचे काटे काढून जाळले. तो आता कबनूरला मागावर काम करत होता, भाड्याच्या एका खोलीत तिघा-चौघांत राहत होता. बयाबाईला ध्यास एवढाच, या परड्यात दोन खोल्या उभ्या करायच्या, पोराचं लग्न करायचं आणि सून इथं आणायची. तिनं चार मेढी रोवून छप्पर घातलं, चूल मांडली, मेथीचे वाफे केले आणि जोतिबाच्या नावानं गल्लीला जेवण घातलं. आम्हाला तिनं दिवस असताना वेगळं वाढलं, कांदा न घातलेलं. शिरा फार चांगला झाला होता.

यात्रेकरू फाल्गुनात परत आले. स्टेशनवरून वाजतगाजत मिरवणूक, मग मावंदं, म्हणजे यात्रेचं जेवण. भावजी वाळले होते, पण चेहऱ्यावर तेज. पर्वताचं वर्णन सांगताना आवाजसुद्धा खाली यायचा. पार्श्वनाथांच्या टोकावर डोकं टेकलं तेव्हा काय वाटलं ते सांगायला लागले आणि शब्दच सापडेनात. मी त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, माणूस पालटला.

मावंद्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा बत्ता नेला. आणि परड्यात म्हैस बांधली.

बयाबाई तेव्हा भावाच्या गुऱ्हाळावर हात कमी पडतात म्हणून आठवडाभर गावी गेली होती. आली ती थेट परड्यात. मग आमच्या दारात.

"अण्णासो! म्हस काढा!"

"कुणाची म्हस?"

"तुमची! माज्या मेथीवर बसलीया!"

"बसूदे की. दमलीया."

"ही जागा तुमी मला दिलती न्हवं?"

"दिलती. यात्रेपुरती."

"यात्रेपुरती असं कवा म्हनलासा?"

भावजी अजिबात न डगमगता म्हणाले, "मनात म्हनलोतो."

बयाबाईनं त्यांना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. आज आमचं पर्व आहे, लिहिण्यातसुद्धा वाईट शब्द नको. शेवटी एवढंच म्हणाली, "व्वा पावणं! डोंगर चढून आला आनि गुन शिकून आला."

पुढच्या वर्षीच्या पाडव्याला, म्हणजे बावन्न साली, भावजींनी परड्यात गुढी उभारली आणि गल्लीत गूळ वाटला. "बारा वर्षं पुरी झाली. जागा आपली." बयाबाईनं गुळाचा खडा घेतला, तोंडात टाकला आणि तशीच कोर्टात गेली. जागा परत मिळावी म्हणून दावा लावला.

समन्स घेऊन भावजी हसत हसत त्र्यंबकरावांना घरी घेऊन आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले तेव्हा वकील विचारत होते, "मधे कधी जागा सोडली नव्हती ना?"

"छे. एक यात्रेपुरती दिलती तेवढी."

वकिलांचा पोह्यांचा घास हातात राहिला. "दिली होती? कुणाला?"

"बयाबाईला. नारळ देऊन."

"आणि ती आली? राहिली?"

"मेथी लावलीन. जेवण घातलं. तुम्ही गावाला गेलता, न्हाईतर तुम्हालाबी बोलावलं असतं."

वकिलांनी बशी खाली ठेवली. "अण्णासो, तिथं तुमची साखळी तुटली. मालकीण आपल्या जागेत परत आली की मागची सगळी वर्षं गेली. तुम्ही फाल्गुनात पुन्हा म्हैस बांधलीत, तो तुमचा पहिला दिवस. तिची मुदतही तिथून मोजायची. तिला दावा लावायला अजून दहा वर्षं तरी आहेत, आणि ती आजच येऊन बसली."

"पण आधीची दहाच्या वर भरलीती. आता वरचं एक. मिळवायचं की."

"ती अशी मिळवता येत नाहीत."

"का न्हाईत? वर्षं ती वर्षं. मीच बांधलीती न्हवं म्हस?"

दाराआड अक्का उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "अहो, व्रत धरलं आणि मधी एक उपास मोडला तर काय करता? उरलेलं तेवढं करून उद्यापन करता व्हय? परत पहिल्यापासून धरता न्हवं? त्यातलंच हे. मला भाकरी थापताना कळतंय."

वकील म्हणाले, "वहिनी म्हणतात तेच कायदा म्हणतो." मग जरा विचार करून आवाज उतरवून म्हणाले, "एक वाट आहे. तुम्ही जागा तिला परत दिलीच नव्हती. तुमच्या परवानगीनं ती चार दिवस टेकली होती. तसं असेल तर खंड पडत नाही. पण कोर्ट तुम्हालाच विचारणार. बघा तुम्हाला काय सांगता येतं ते."

भावजी खुलले. "सांगतो की! मनात तसंच हुतं."

"सांगा," अक्का म्हणाल्या. "मग पर्वत चढलो तो कसा चढलो तेबी सांगा. दुसऱ्याचं परडं काखेत मारून? म्हंजे माझी पायपीट सगळी फुकट. पायाला फोड आलेते ते फुकट. मग मला परत पायथ्याला मधुबनला न्या आणि पहिल्यापासून चढवा."

जागेची मोजणी पहिल्यापासून, नाहीतर यात्रा पहिल्यापासून. भावजी दोन्हीकडून सापडले. त्या दिवशी अडतीत त्यांनी एकाही ढेपेचं गुऱ्हाळ ओळखून दाखवलं नाही.

दावा पुढं सरकत सरकत चोपन्न सालात उभा राहिला. आम्ही दोघी जावा कोर्टात गेलो. मी सारखा णमोकार म्हणत होते, पण कुणाच्या बाजूनं म्हणतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. समोरच्या बाकावर बयाबाई, शेजारी बाळासो, नवा सदरा घालून. त्याच्या डोक्याचे केस आता विरळ व्हायला लागले होते आणि लग्न अजून व्हायचं होतं.

बयाबाईच्या वकिलानं विचारलं, "शिखरजीला जाण्यापूर्वी तुम्ही जागा बयाबाईला परत दिली होती काय?"

भावजी डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले.

"दिली होती की नव्हती?"

"तोंडानं दिलती. मनात यात्रेपुरती हुती."

मुन्सफसाहेब म्हणाले, "मनातलं कोर्टाला दिसत नाही. दिली की नाही तेवढं बोला."

भावजींनी मागं वळून अक्कांकडं पाहिलं. मग पुढं वळले. "सायेब, एक इचारू? दिलती म्हनलं तर परडं जातंय. न्हवती दिली म्हनलं तर यात्रा जातीया. निम्मं निम्मं न्हाई का करता यायचं?"

कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा हसला. बयाबाई तोंडाला पदर लावून हसली. मुन्सफसाहेब हसले नाहीत, पण कागदात काहीतरी शोधायला लागले.

भावजी हसले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, अभिषेकाच्या वेळी घेतात तशी. आवाज इतका खाली गेला की त्यांचा वाटेना. "वर टोकावर डोकं टेकलं तवा मला परडं आठवलं न्हवतं. म्हसबी आठवली न्हवती. जन्मात तेवढीच एक येळ असंल, काय आपलं-परकं आठवलं न्हाई. ते खोटं होतं असं मला म्हणवत न्हाई." टोपी परत डोक्यावर ठेवली. "दिलती सायेब. पुरी दिलती. यात्रेपुरती हे मनातलं वरच गळालंतं, खाली आल्यावर मी ते परत मनात आणलं."

त्र्यंबकरावांनी कागदांची दोरी बांधली आणि पाणी मागितलं. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "बसलं पुण्य ठिकाणावर." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

निकाल बयाबाईसारखा लागला. म्हैस पुन्हा आमच्या अंगणात आली. अंगण एवढंसं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची शेपटी लागायची, आणि तिनं दूध चोरायला सुरुवात केली. भावजी रोज सकाळी मागच्या भिंतीपाशी जाऊन मोकळ्या परड्याकडं बघत उभे राहायचे. शेवटी एके दिवशी, तिथं परत छप्पर घालून राहिलेल्या बयाबाईला त्यांनी हाक घातलीच.

"बयाबाई, म्हस बांधू काय?"

"कुठं?"

"परड्यात."

"कुनाच्या?"

"तुज्या."

"मोट्यानं म्हना की. एरवी तर शाहूपुरीपतोर ऐकू जातंय."

"तुज्या परड्यात, तू हो म्हनलीस तर, म्हस बांधू काय?" सगळी गल्ली दारात आली.

"बांधा. कोपऱ्यात. आनि दर पाडव्याला येऊन असंच इचारायचं. न्हाई इचारलं तर दावं सोडीन."

हे त्र्यंबकरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाईनं बरोबर केलं. मागून बांधलेल्या म्हशीची बारा वर्षं कधीच भरत नाहीत."

बाळासोच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, सून आली. म्हशीचा कोपरा तेवढा ठेवलेला आहे, आणि बयाबाईच्या घरी रोज एक तांब्या दूध जातं. पाडव्याला गुढी झाली की भावजी भिंतीपाशी जातात आणि विचारतात. बयाबाई मुद्दाम वेळ लावते. "बगते, सुनेला इचारते," म्हणते. भावजी टोपी हातात घेऊन उभे राहतात.

यंदा उपाध्यांनी गिरनारचा संघ काढायचं ठरवलं आहे. भावजींनी नाव दिलं. अक्कांनी लगेच विचारलं, "आता काय परत द्यायचं राहिलंय?"

भावजी घरभर बघत राहिले. कोपरे बघितले, फडताळं बघितली. मग आत जाऊन आले आणि माझा बत्ता दोन्ही हातांनी पुढं धरला. "विजयमाला, क्षमा कर."

मी क्षमा केली. बत्ता मात्र नेऊन पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.